रिपोर्ट कधी येणार? मांसाच्या तुकड्यात आजाराचं कारण शोधणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर

न्हावरे (ता. शिरूर) : आपल्याकडं कुणाचं पोस्टमॉर्टेम झालं की दहाव्यापर्यंत घरात एकच विषय असतो. रिपोर्ट कधी येणार? पोलीस पाटलाला विचारा, चौकीत विचारा, दवाखान्यात विचारा. उत्तर ठरलेलं. मत राखून ठेवलंय, तुकडे तपासणीला गेलेत, आल्यावर कळवू. पुढं विमा अडतो, वारसनोंद झाली तरी मनातली शंका अडते, आणि भावकीत नको ती कुजबुज सुरू होते.

आमच्या घरात हे घडलं. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. उसाला पाणी देणारा धडधाकट माणूस. दोन-तीन महिन्यांत वाळत गेले. आम्ही म्हणायचो, वय झालं, जेवण कमी झालं. एका रात्री धाप लागली, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, नेमकं कशानं गेले ते समजण्यासाठी शवविच्छेदन करू का? पोलीस केस नव्हती, त्यामुळं घरच्यांची लेखी संमती लागत होती. घरात दोन तट पडले. काकू म्हणाल्या, आता चिरफाड कशाला? शेवटी थोरल्या चुलतभावानं सही केली.

रिपोर्ट यायला सात आठवडे लागले. त्यात टीबी निघाला. मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, तर धाकट्या चुलतभावाच्या छातीत पण तेच. सहा महिने औषधं घेतली, आज तो ट्रॅक्टर चालवतोय. पण ते सात आठवडे तो त्याच घरात पोराबाळांत झोपत होता, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला. त्या तुकड्याचं पुढं करतात तरी काय? एवढा वेळ का लागतो? आणि लवकर होत नाही का? त्याचा माग काढता काढता एका मराठी माणसाचं आयुष्य समोर आलं. त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातल्या विकृतीशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे जनक म्हणून डॉक्टर मंडळी त्यांना मानतात. आपल्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलंय? मी तरी ऐकलं नव्हतं. म्हणून हा लेख.

एक्स-रे आणि खानोलकर एकाच सालचे

खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 चा. गोमंतक मराठा समाजातलं कुटुंब. त्याच 1895 साली नोव्हेंबरमध्ये जर्मनीत राँटजेन यांना एक्स-रे सापडले. म्हणजे खानोलकर जन्मले तेव्हा माणसाच्या आत काय चाललंय हे बघायचं, तर शरीर उघडण्याशिवाय दुसरा मार्गच नव्हता. पुढच्याच वर्षी, 1896 मध्ये, मुंबईत प्लेग आला आणि नंतर पुण्यात. गावंच्या गावं माळावर झोपड्या टाकून राहायला गेली, हे आपल्या आजा-पणज्यांनी सांगितलेलं असंल. माणसं पटापटा मरत होती, पण रोग नेमका शरीरात काय करतो हे सांगणारे डॉक्टर आपल्या देशात मोजकेच होते.

अशा काळात खानोलकर वैद्यकी शिकायला लंडनला गेले. लंडन विद्यापीठातून 1923 साली त्यांनी पॅथॉलॉजी विषयात एम. डी. केलं. त्या काळी विलायतेतून डॉक्टर होऊन आलेल्या माणसानं दवाखाना टाकला असता तर पैशाला तोटा नव्हता. पण पॅथॉलॉजीचा डॉक्टर पेशंटला गोळ्या देत नाही, सुई टोचत नाही. तो सूक्ष्मदर्शकावर, म्हणजे मायक्रोस्कोपवर डोळा लावून बसतो. पेशंटला बहुतेक वेळा त्याचं तोंडही दिसत नाही. खानोलकरांनी तेच काम निवडलं. मुंबईला परत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेज आणि नंतर सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये ते पॅथॉलॉजीचे प्राध्यापक झाले. सेठ जी. एस. म्हणजे आपण ज्याला केईएम म्हणतो त्या दवाखान्याचं कॉलेज. इथून तिथं गेलेले पुष्कळ पेशंट असतील.

पॅथॉलॉजी म्हणजे नुसतं रक्त तपासणं नव्हे

आपण गावात पॅथॉलॉजी म्हणलं की रक्त-लघवी तपासायची लॅब समजतो. ती त्यातली एक फांदी झाली. मूळ काम आहे रोगानं शरीरात काय बिघाड केला ते डोळ्यानं बघणं. जर्मनीच्या रुडॉल्फ विर्को या डॉक्टरांनी 1858 साली ग्रंथ लिहून मांडलं की रोगाचं मूळ पेशीत शोधायचं असतं. घर जसं विटांचं, तसं शरीर पेशींचं. भिंत का पडली हे कळायला वीट बघावी लागते.

मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीच्या प्राध्यापकाचं एक मोठं काम म्हणजे शवविच्छेदन. इथं एक फरक ध्यानात घ्या. पोलीस केसमधलं शवविच्छेदन वेगळं. अपघात, विषबाधा, बुडून मरण, गळफास, संशय असलेला मृत्यू यात कायद्यानं ते करावंच लागतं, त्याला घरच्यांची परवानगी लागत नाही. दुसरं असतं दवाखान्यातलं शवविच्छेदन. आजारानं माणूस गेला, पण डॉक्टरांना कारण पूर्ण उमगलं नाही, तर घरच्यांच्या संमतीनं ते करतात. आमच्या नानांचं झालं ते दुसऱ्या प्रकारचं. जिवंतपणी केलेलं निदान बरोबर होतं का चूक, याचा खरा हिशोब तिथं लागतो. डॉक्टरलोक तिथंच शिकतात.

तुकड्याचा प्रवास : हळू चालणारी गाडी

आता आपल्या मूळ प्रश्नाकडं येऊ. तुकड्याचं पुढं करतात काय?

पहिल्यांदा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. मांस सडू नये, जसं होतं तसं राहावं म्हणून. फर्डिनांड ब्लुम या जर्मन माणसानं 1893 मध्ये फॉर्मेलिनचा हा उपयोग दाखवला, आणि आजही जगभर तेच चालतंय. लहान तुकडा एक दिवसात मुरतो. अख्खा मेंदू मुरायला साधारण दोन आठवडे लागतात, कारण तो ताजा असताना दह्यासारखा मऊ असतो, नीट कापताच येत नाही.

मग तुकड्यातलं पाणी काढायचं. त्यासाठी चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून तो फिरवतात. मग झायलीन नावाच्या द्रवात. मग वितळलेल्या मेणात. पाण्याच्या जागी मेण शिरलं की तुकडा मेणबत्तीसारखा घट्ट होतो. ही सगळी फेरी बहुतेक रात्रभर यंत्रात चालते. दुसऱ्या दिवशी मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे काप काढतात. काप किती पातळ? 3 ते 5 मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप बसतील. आपल्या घरची बाई कांदा कितीही बारीक चिरू द्या, तिथपर्यंत जाणार नाही.

तो काप काचेवर घेऊन मेण काढायचं आणि रंग द्यायचा. दोन रंग असतात. एकानं पेशीचं केंद्र निळं-जांभळं दिसतं, दुसऱ्यानं बाकीचा भाग गुलाबी. मग डॉक्टर ती काच मायक्रोस्कोपखाली धरतात. एवढं सगळं सुरळीत झालं तरी दोन-तीन दिवस सहज जातात. त्यात शवविच्छेदनात एकाच माणसाचे दहा-पंधरा अवयवांचे तुकडे असतात. वर जिवंत पेशंटचे तुकडे आधी बघावे लागतात, कारण त्यांचा उपचार थांबलेला असतो. मेलेल्या माणसाचा नंबर मागं लागतो. उशिराचं हे साधं कारण आहे.

जलद पद्धत : खिडकीबाहेर ठेवलेला तुकडा

लवकर होत नाही का? होतं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मेयो क्लिनिक नावाचा दवाखाना आहे. 1905 साली तिथले सर्जन विल्यम मेयो यांना अडचण होती. पेशंट टेबलावर झोपलेला, गाठ उघडलेली, पण ती कॅन्सरची का साधी हे त्याच वेळी कळायला पाहिजे. त्यांनी लुई विल्सन या पॅथॉलॉजिस्टला मार्ग काढायला सांगितलं. तिकडं थंडी कडाक्याची. विल्सननं ताजा तुकडा बाहेरच्या थंडीत गोठवला, त्याचे पातळ काप काढले, मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगात बुडवले आणि काही मिनिटांत उत्तर दिलं. मेणाची गरजच राहिली नाही, बर्फानंच तुकडा घट्ट झाला. या पद्धतीला फ्रोझन सेक्शन म्हणतात. पुढं गोठवायला कार्बन डायऑक्साइड वायू वापरू लागले. आता क्रायोस्टॅट नावाचं यंत्र असतं, फ्रीजच्या पोटात कापायचं पातं बसवलं असं समजा. वीसेक मिनिटांत काच तयार होते.

हीच युक्ती शवविच्छेदनातही चालते. त्याहून सोपी एक पद्धत आहे, छाप घेण्याची. अवयव कापला, की कापलेल्या ताज्या बाजूवर काच हलकेच टेकवायची. पेशी काचेला चिकटतात. काच वाळवून रंगवायची आणि बघायची. ना मेण, ना बर्फ. फुप्फुसाच्या किंवा गाठीच्या छापेला टीबीचा रंग दिला, आणि जंतू भरपूर असतील, तर त्याच दिवशी लाल काड्यांसारखे ते दिसतात. हे वाचलं तेव्हा मला नाना आठवले. सात आठवड्यांचं काम एका दुपारी कळू शकलं असतं, निदान घरच्यांना तपासणी करून घ्या एवढं सांगण्यापुरतं तरी.

अलीकडं मायक्रोवेव्हच्या उष्णतेनं मेणाची रात्रभराची फेरी तासा-दोन तासांवर आणणारी यंत्रंही आलीत.

पण जलद पद्धतीला मर्यादा आहेत, हे पण सांगायला पाहिजे. गोठवताना पाण्याचे खडे होतात आणि पेशी फाटतात. चरबीचा भाग नीट गोठत नाही. छापेत सुट्या पेशी दिसतात, पण त्यांची रचना, म्हणजे वीट कळते, भिंत कळत नाही. म्हणून जलद उत्तर हा पहिला अंदाज असतो, मेणातला काप हा शेवटचा निकाल. पिकावर रोग पडला तर आपण शेतातच पान चुरगाळून अंदाज घेतो आणि पान कृषी विद्यापीठाच्या लॅबलाही पाठवतो, तसंच हे. दोन्ही लागतं.

खानोलकरांनी ही जलद पद्धत शोधलेली नाही, उगाच कुणाच्या डोक्यावर दुसऱ्याचा फेटा बांधू नये. त्यांनी केलं ते वेगळं आणि माझ्या मते मोठं. तुकड्याकडं बघून, हा रोग या माणसाला का झाला, तो खातो काय, नेसतो काय, राहतो कसा, हे त्यांनी विचारलं.

टाटा हॉस्पिटल आणि एक हजार तोंडं

मुंबईत परळला 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या होत्या. पुढच्याच साली दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं हे कॅन्सरचं हॉस्पिटल उभं केलं. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधनाची जबाबदारी खानोलकरांकडं आली.

तेव्हा साहेब लोकांमध्ये एक समज होता की कॅन्सर हा गोऱ्या, पुढारलेल्या देशांचा रोग, हिंदुस्थानात तो फारसा नाही. खानोलकरांच्या टेबलावर मात्र तुकड्यांची रीघ लागली होती. 1944 साली त्यांनी अमेरिकेतल्या कॅन्सर संशोधनाच्या नियतकालिकात मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या लागोपाठच्या 1,000 पेशंटांचा अभ्यास छापला. एक हजार तोंडं. विलायतेत तोंडाचा कॅन्सर तुलनेनं कमी, आपल्याकडं मात्र एवढा का? उत्तर आपल्या चंचीत होतं. तंबाखू, चुना, सुपारी, विडा.

1955 मध्ये डॉ. सांघवी आणि डॉ. राव यांच्यासोबत त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तंबाखू ओढणं आणि चघळणं यांचा तोंड-घशाच्या कॅन्सरशी असलेला संबंध आकडेवारीनं मांडला. ध्यानात घ्या, 1955. आज गुटख्याच्या पुडीवर सडलेल्या तोंडाचा फोटो असतो, सिनेमाआधी जाहिरात लागते, 2012 पासून आपल्या राज्यात गुटख्याला बंदी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं तंबाखूचा विडा कॅन्सरकारक आहे हे 1985 मध्ये आणि नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे हे 2004 मध्ये जाहीर केलं. आपल्या माणसानं त्याची सुरुवात कितीतरी आधी करून ठेवली होती.

धोतराचा कॅन्सर

1945 सालचा त्यांचा एक अभ्यास वाचून तर मी चकित झालो. सहकारी सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी भारतातले तीन नवे प्रकारचे कॅन्सर मांडले, तिन्ही माणसाच्या सवयीतून झालेले.

एक, खैनीचा. बिहारकडं तंबाखू-चुना मळून खालच्या ओठाच्या खाचेत धरतात, बरोबर त्याच जागी कॅन्सर. दोन, चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्याला विशाखापट्टणमकडं चुट्टा नावाची विडी पेटतं टोक तोंडात धरून उलटी ओढतात, तिथं टाळूला कॅन्सर. आणि तीन, धोतराचा. वर्षानुवर्षं एकाच जागी धोतर घट्ट कसलं की कमरेच्या त्या पट्ट्याला कातडी घासते, रंग उडतो, जाड होते, जखम होते, बरी होत नाही आणि काही जणांत तिथंच कॅन्सर होतो.

आपल्याकडं आता धोतरवाले आजोबा कमी राहिले. पण परकराची नाडी घट्ट बांधणाऱ्या आया-मावश्या घरोघर आहेत. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशाच दोन वयस्कर बायकांच्या कमरेवरचा नाडीच्या जागेचा कॅन्सर जगासमोर मांडला. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीचं खानोलकरांचं निरीक्षण आजही खरं ठरतंय. उपाय किती सोपा बघा. नाडी ऐवजी रुंद पट्टा वापरायचा, सैल बांधायचं, जागा बदलायची, आणि कमरेवर न भरणारी जखम दिसली तर मलम चोळत न बसता डॉक्टरला दाखवायची.

आपल्याच भागाचं बोलायचं तर मिश्री. सकाळी चुलीपाशी बसून मिश्री लावणाऱ्या बाया आपण लहानपणापासून बघतोय. ती भाजलेली तंबाखूच आहे. दात साफ होतात हा भ्रम आहे.

सीताफळापासून कॅन्सरपर्यंत

1952 मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झालं, खानोलकर त्याचे पहिले संचालक. माणूस मोठा कशावरून ओळखावा? त्यानं हाताखाली कुणाला उभं केलं त्यावरून. त्यांच्याकडं तयार झालेल्या एका पुणेकर बाईंची गोष्ट आपल्या शेतकऱ्यांना आवडेल.

कमल समर्थ, लग्नानंतर डॉ. कमल रणदिवे. जन्म पुण्यातला, 1917 चा. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. नंतर त्यांनी पुण्याच्या शेतकी कॉलेजात 1943 साली एम. एस्सी. केलं, विषय होता सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा. होय, आपलं सीताफळ. लग्नानंतर मुंबईला आल्या आणि टाटा हॉस्पिटलात काम करता करता खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये पीएच. डी. झाल्या. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी वाढवायचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत तशी प्रयोगशाळा उभी केली. सीताफळाच्या पेशी बघणारी मुलगी कॅन्सरच्या पेशी वाढवू लागली. पुढं त्यांनी नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणावरही काम केलं. त्यांना 1982 मध्ये पद्मभूषण मिळालं.

खानोलकरांचं दुसरं मोठं काम कुष्ठरोगावर. त्या काळी कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढायचे, पाप फळलं म्हणायचे. खानोलकरांनी रोगाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतले कातडीचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघितले आणि जंतू बारीक नसांच्या आधारानं कसा राहतो ते मांडलं. चट्ट्याला बधिरपणा का येतो, याचं उत्तर त्या नसांमध्ये आहे. 1958 मध्ये त्यांनी, डॉ. बापट आणि डॉ. रणदिवे यांनी मिळून कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळालेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. त्याला त्यांच्या संस्थेचंच नाव मिळालं आणि पुढं त्यापासून लस करण्याचे प्रयत्न झाले. पाप-पुण्याचा रोग जंतूचा रोग ठरवण्यात अशा तुकड्यांचा मोठा वाटा आहे.

मान मोठा, माणूस पडद्यामागं

1949 साली देशातल्या पॅथॉलॉजिस्टांची संघटना स्थापन झाली, खानोलकर तिचे संस्थापक अध्यक्ष. जगातल्या कॅन्सर संशोधकांच्या संघटनेचं अध्यक्षपदही त्यांनी 1950 ते 1954 या काळात भूषवलं. नुकताच स्वतंत्र झालेला देश, आणि त्याचा डॉक्टर जगाच्या कॅन्सर चळवळीच्या खुर्चीवर. सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमलं. 1960 ते 1963 ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. शंभरावर शोधनिबंध आणि कॅन्सर-कुष्ठरोगावरची पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत.

1966 मध्ये टाटा हॉस्पिटल आणि त्यांची कॅन्सर संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झालं. 29 ऑक्टोबर 1978 रोजी खानोलकर गेले. आज नवी मुंबईत खारघरला टाटाचं जे संशोधन केंद्र आहे, तिथल्या इमारतीला खानोलकर शोधिका असं नाव आहे. आपल्या भागातून कॅन्सरचे पेशंट घेऊन खारघरला जाणाऱ्यांनी ही पाटी बघितली असंल, आता ती कुणाची ते कळंल.

आपण काय शिकायचं?

आता मुद्द्याचं. या माणसाचं आयुष्य वाचून मला चार गोष्टी सांगाव्या वाटतात.

पहिली : तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे. त्या भीतीनं माणसं आयुर्वेदाच्या नावाखाली कुणाकुणाकडं जातात आणि चार-सहा महिने घालवतात. तुकडा काढून तपासल्याशिवाय कॅन्सर आहे का नाही हे पक्कं कळत नाही. तोंडात पांढरा-लाल चट्टा असंल, तोंड नीट उघडत नसंल, तीन आठवड्यांत न भरलेली जखम असंल, तर तपासून घ्या. तुकडा काढण्यापेक्षा उशीर जास्त मारतो. उपचाराच्या खर्चाला महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तिच्यात कॅन्सरचा समावेश आहे.

दुसरी : पोलीस केसमध्ये व्हिसेरा राखला म्हणजे काय ते समजून घ्या. विष शोधायला जठर, यकृत वगैरेचे भाग मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवून न्यायसहाय्यक प्रयोगशाळेला पाठवतात. आजार शोधायला तुकडे फॉर्मेलिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजी विभागाला जातात. दोन बाटल्या, दोन पत्ते, दोन रिपोर्ट. शेतकरी अपघात योजनेचे 2 लाख असोत का विमा असो, कुठला रिपोर्ट अडलाय हे विचारलं तर चकरा वाचतात. पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या.

तिसरी : आजारानं गेलेल्या माणसाचं शवविच्छेदन करू का असं डॉक्टरांनी विचारलं, तर लगेच नाही म्हणू नका. देह नीट शिवून परत देतात, अंत्यविधीला अडचण येत नाही. संमती देताना एवढं मात्र विचारा की घरच्यांना धोका होईल असा संसर्गाचा आजार वाटतोय का, आणि वाटत असंल तर जलद तपासणी करून तोंडी तरी कळवता येईल का. हे विचारणं आपला हक्क आहे, भांडण नव्हे.

चौथी जरा सरकारला. जिवंत पेशंटच्या तुकड्यांच्या रांगेत मेलेल्या माणसाचा तुकडा मागं पडणार हे समजू शकतं. पण छाप घ्यायला एक काच, थोडा रंग, एक मायक्रोस्कोप आणि ते बघणारा माणूस लागतो. यंत्रापेक्षा माणूस लागतो. पॅथॉलॉजिस्टची पदं तालुक्याच्या पातळीवर भरली, तर कितीतरी घरांचे आठवडे वाचतील. 1987 पासून शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला खेड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवायचं काम चालू आहे, देशातलं ग्रामीण भागातलं ते पहिलंच. ग्रामीण भागात असं काम होत नाही, असं कुणी म्हणू नये.

नानांचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा काकूंनी त्या थोरल्या चुलतभावाला जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवला. सही केली म्हणून वर्षभर त्या त्याच्याशी धड बोलत नव्हत्या. धाकटा तिथंच पंगतीला वाढत होता, अंगानं भरलेला. त्याच्याकडं बघून काकूंना काय वाटलं असंल ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हीपण विचारलं नाही.

(लेखक न्हावरे परिसरातील शेतकरी व वार्ताहर आहेत.)